दाबा, धरा, सोडा

आगाशीत मोटारीचा हीटर लावावा असा दिवस वर्षातून एकदाही उजाडत नाही. डिसेंबरात पहाटे अर्नाळ्याकडून वारा सुटला तर म्हातारी माणसं कानाला मफलर गुंडाळतात, पण नऊच्या सुमारास तो गळ्यात येतो आणि दहाला खुंटीवर जातो. बाकी वर्षभर घाम. अशा गावात एक सद्गृहस्थ आपल्या जुन्या गाडीच्या हीटरमागे हात धुऊन लागलेले आहेत. चाळपेठेपासून भवानीशंकराच्या तळ्यापर्यंत त्यांना सगळे तात्या म्हणतात. "तात्या, पण हीटर हवाय कशाला?" असं कुणी विचारलं की ते चष्मा कपाळावर चढवतात. "हवाय कुणाला? पण गाडीत दिलेला आहे ना? मग चालायला नको?"

यावर बोलायला काही उरत नाही.

गाडी उंच, चौकोनी, डिझेलवर चालणारी, मागे समोरासमोर दोन बाकं असलेली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण तात्यांच्या मते दोष कंपनीचा नाहीच. दोष 'आधीच्या मालका'चा. हा आधीचा मालक आम्ही कुणी पाहिलेला नाही, तात्यांनीही पाहिलेला नाही, कारण व्यवहार दलालामार्फत झाला. पण त्याचा स्वभाव आम्हाला पाठ आहे. तो आळशी आहे, गाडी क्लचवर पाय ठेवून चालवतो, ब्रेक ऑइल कधी बदलत नाही आणि रेडिएटरमध्ये नळाचं पाणी ओततो. गाडी मूळची दिल्लीची. दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली, तेव्हा धडधाकट गाड्याही ना-हरकत दाखला घेऊन देशभर पांगल्या. त्यातली ही एक. दिल्लीहून ती नाशिकला आली, नाशिकहून तात्यांकडे. "दिल्लीच्या थंडीत हीटर चालत असणारच," तात्यांचा तर्क, "म्हणजे घोळ नाशकात झालाय."

तात्या पश्चिम रेल्वेत गार्ड होते. विरार लोकलच्या शेवटच्या डब्यात त्यांची हयात गेली. रेल्वेने २०२२ साली गार्डाचं 'ट्रेन मॅनेजर' केलं, पण तात्या त्याआधीच निवृत्त झाले होते. "मी गार्ड म्हणूनच उतरलो," हे ते अजून समाधानाने सांगतात. नोकरी संपली तरी घंटीची भाषा संपली नाही. लोकलमध्ये गार्ड आणि मोटरमन एकमेकांशी घंटीने बोलतात. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे नीघ. तात्या गाडीखाली आडवे झालेले असतात आणि वर स्टिअरिंगवर आमच्यापैकी कुणीतरी बसलेलं असतं. खालून पत्र्यावर दोन थापा पडल्या की इंजिन सुरू करायचं, एक पडली की बंद. नव्या माणसाला हे आधी सांगत नाहीत. त्याने ते समजून घ्यावं अशी अपेक्षा असते.

तात्यांना भेटायला गेलं की चहाच्या आधी तपासणी होते. तुमची गाडी असो, स्कूटर असो, की तुम्हाला सोडून निघालेली रिक्षा असो. "थांब, बंद करू नकोस." मान तिरकी, डोळे मिटलेले, एक हात बॉनेटवर. मग प्रश्न सुरू होतात. कधीपासून आहे? सकाळी जास्त की संध्याकाळी? ओल्यात वाढतं का? वास येतो का? आणि वास येतो म्हटलं की जिभेवर घोळवल्यासारखं विचारतात, "गोड, की जळका?" हा प्रश्न वाटतो तितका वेडा नाही. हीटरची डॅशबोर्डामागची कॉइल गळायला लागली की गाडीत कूलंटचा गोडसर वास येतो, काचेवर आतून चिकट धुरकट थर बसतो आणि पायाखालचं कार्पेट पाऊस नसतानाही ओलं लागतं. जळका वास आला तर तो बहुधा ब्रेकचा, लायनर ड्रमला घासत राहिल्याचा. तात्या वासावरून पन्नास टक्के निदान करतात आणि उरलेले पन्नास टक्के आधीच्या मालकावर सोडतात.

गोड वासाचं कूलंट विषारी असतं, म्हणून ते कुठे सांडलं तर तात्या आधी आळीतली मांजरं हाकलतात आणि मग फडकं आणतात.

चाकांची तपासणी निराळी. बाहेरून आल्यावर तात्या गाडीभोवती एक फेरी मारतात आणि प्रत्येक चाकाजवळ वाकून हाताचा पंजा उलटा धरतात. समोरच्या इमारतीत नव्याने राहायला आलेल्या एका बाईंना बरेच दिवस वाटत होतं, की आजोबा गाडीला प्रदक्षिणा घालून नमस्कार करतात. त्यांनी श्रद्धाळू समजून एकदा प्रसादही आणून दिला. तात्या शोधत असतात गरम चाक. चारपैकी एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाही, कॅलिपर किंवा ड्रममधला सिलिंडर अडकलेला आहे. अर्नाळ्याच्या खाऱ्या हवेत हे नेहमीचंच.

पण हल्ली हात मागे पडला. हल्ली पिस्तूल आलंय. कोविडच्या वर्षी समोरच्या सोसायटीच्या फाटकावर लोकांच्या कपाळाला लावायचं ते पांढरं पिस्तूल, साथ ओसरल्यावर माळ्यावर गेलेलं. तात्यांनी ते मागून आणलं. विरार स्टेशनला जाऊन आले की ते चारही चाकांवर पिस्तूल रोखतात. यंत्र माणसाच्या कपाळासाठी केलेलं, त्यामुळे चाक तापलेलं असलं की ते आकडा सोडून नुसतंच 'हाय' दाखवतं. तात्या ओसरीतूनच घोषणा करतात, "मागच्या डाव्याला ताप आहे!" आतून काकू विचारतात, "कुणाला?"

काकूंचं या सगळ्यावर एकच म्हणणं आहे, आणि ते त्या कुठल्याही पाहुण्यासमोर, आवाज न चढवता सांगतात. "माझा गुडघा दोन वर्षं करकरतोय. ह्यांनी त्याला कधी कान लावला नाही."

तात्यांची एक वही आहे. तारीख, किलोमीटर, हवा कशी होती, आणि लक्षण. अक्षर गार्डाच्या जर्नलसारखं नेटकं. 'सकाळी पहिला ब्रेक मऊ, दुसऱ्यांदा कडक.' 'बोळिंजच्या वळणावर गाडी किंचित डावीकडे ओढते. रस्त्याचा उतार धरता कदाचित नाही.' तो 'कदाचित नाही' मला फार आवडतो. तात्यांच्या पुतण्याने एकदा ब्लूटूथवरचा स्कॅनर आणला, गाडीला जोडला आणि मोबाइलवर निकाल दाखवला: काहीही दोष नाही. तात्यांनी मोबाइल लांब धरून वाचला. "याला लायनर दिसतो का?" नाही. "गळणारा पाइप दिसतो का?" नाही. "मग हा बघतो काय?" पुतण्याने स्कॅनर खिशात घातला आणि सुकेळी खाऊन गेला. तात्यांकडे आलेला माणूस रिकाम्या तोंडाने जात नाही. राजेळी केळ्यांची आगाशीची सुकेळी डब्यात कायम असतात. तपासणीची फी घेणं दूर, उलट तपासून घेणाऱ्यालाच खाऊ मिळतो.

आळीतल्या प्रत्येकाने तात्यांच्या गाडीत बसून ब्रेक दाबलेला आहे. हे विधान शब्दशः घ्यावं. ब्रेकमधली हवा काढायची म्हणजे दोन माणसं लागतात. एक वर पेडलवर, एक खाली चाकाशी. वरचा दोन-चारदा दाबतो आणि दाबून धरतो, तेवढ्यात खालचा निपल सैल करतो, नळीतून ब्रेक ऑइलबरोबर बुडबुडे येतात, निपल घट्ट, मग वरच्याने पाय सोडायचा. सुरुवात सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे आपल्याकडे मागच्या डाव्यापासून. तात्या खालून ओरडतात, "दाबा! धरा! धरा म्हणतो! ... सोडा." हा घोष सकाळी आठला सुरू झाला की शेजारपाजारची कर्ती माणसं मागच्या दाराने कामावर निघतात. तात्यांचे धाकटे जावई लग्नानंतर पहिल्यांदा सासरी आले, तेव्हा त्यांना पाटावर बसवायच्या आधी ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं होतं. नव्या कपड्यांत, कपाळाला कुंकू, आणि खालून सासऱ्यांचा आवाज: "जावईबापू, धरा!" जावई आजही सांगतात, की त्या दिवशी आपल्याला घरातलं मानलं गेलं. त्यांचं म्हणणं खोटं नसावं, कारण मोठ्या जावयांना तात्यांनी अजून पेडलला हात, म्हणजे पाय, लावू दिलेला नाही. ते पटकन सोडतात.

ब्रेक ऑइलवर तात्यांचं एक छोटं व्याख्यान ठरलेलं आहे. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि आपल्या हवेत पाण्याला तोटा नाही. नवं डॉट-थ्री ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पण पाणी प्यायलेलं तेच ऑइल १४० पर्यंत टिकलं तरी नशीब. घाटात चाकं तापली की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला जातो, ब्रेक दाबला जात नाही. "म्हणून दोन वर्षांनी बदलायचं. दिसायला चांगलं आहे म्हणून नाही ठेवायचं." व्याख्यानाचा दुसरा भाग बूस्टरचा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा दाबायचं, ते कडक झालं की पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करायचं. पेडल पायाखाली जरासं खाली गेलं तर बूस्टर ठीक. नाही गेलं तर व्हॅक्यूम कुठेतरी निसटतोय. पेट्रोल इंजिन ही ओढ स्वतःच देतं, डिझेलला वेगळा छोटा पंप लागतो आणि तो आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीवर बसवलेला असतो. इथे तात्यांमधला रेल्वेवाला दुखावतो. जुन्या व्हॅक्यूम ब्रेकच्या गाड्यांत डबा सुटला, पाइप फुटला की ब्रेक आपोआप लागायचे. "रेल्वेत व्हॅक्यूम गेला की गाडी थांबते. मोटारीत व्हॅक्यूम गेला की थांबवताना नाकी नऊ येतात! ही कुठली रीत?" ज्याने मोटार शोधली त्याला हा प्रश्न विचारायचा राहून गेला, याची हळहळ त्यांना आहे.

आता हीटर. तात्यांचं खरं प्रेम तिथे आहे.

हीटरसाठी गाडी वेगळं इंधन जाळत नाही. इंजिनातलं गरम पाणी डॅशबोर्डामागच्या लहानशा रेडिएटरमधून फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा फेकतो. "फुकटची ऊब आहे," तात्या म्हणतात, आणि फुकट मिळणारी वस्तू मिळत नाही ही त्यांची खरी व्यथा. त्यांनी शास्त्रशुद्ध सुरुवात केली. इंजिनाकडून आत जाणारे दोन होज पाइप हाताने चाचपायचे. दोन्ही गरम असतील तर पाणी फिरतंय, मग चूक आतल्या झडपेची किंवा तिच्या केबलची. एक गरम आणि एक गार असेल तर कॉइल चोंदलीय. नळाचं पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलं की आत क्षार धरतात. आम्ही सगळे कॉइलवर पैज लावून होतो. पाइप चाचपले तर दोन्ही कोमट! हा प्रकार कुठल्याच खात्यात बसेना. तात्या त्या दिवशी जेवले नाहीत असं काकू म्हणतात. तात्यांच्या मते ते जेवले, लक्ष नव्हतं.

मग त्यांचं लक्ष काट्याकडे गेलं. विरारला जाऊन येईपर्यंत उष्णतेचा काटा निम्म्यालाही पोचत नव्हता. इतके दिवस सगळे त्याचं कौतुक करत होते, गाडी किती थंड राहते म्हणून. तात्यांनी थर्मोस्टॅटचं झाकण खोललं. आम्ही तिघे-चौघे भोवती उभे होतो. तात्यांनी आत बोट घातलं, फिरवलं आणि तिजोरी फुटलेल्या सावकाराच्या आवाजात म्हणाले, "आत काहीच नाही."

आधीच्या मालकाच्या मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढूनच टाकला होता. आपल्याकडे ही जुनी खोड. गाडी गरम होते ना, मग काढा थर्मोस्टॅट, पाणी सारखं फिरत राहील. पण तो साधारण ८० अंशांच्या पुढे पाणी रेडिएटरकडे सोडतो आणि तोवर इंजिनाला तापू देतो. तो काढला की इंजिन गारठलेलंच चालतं, डिझेल जास्त खातं आणि हीटरला कोमट पाणी मिळतं. नवा थर्मोस्टॅट फार महाग नसतो. तात्यांनी तो आणला, बसवला, कूलंट निम्मं-निम्मं मिसळून भरलं, वर आलेली हवा काढली, आणि एका संध्याकाळी अख्खी आळी गाडीत बसवून हीटर लावला. पोरं घामाने निथळत टाळ्या वाजवत होती. "सोळाव्या शतकात या गावात समुद्रात जाणारी जहाजं बांधत होते," तात्या काच न उघडता म्हणाले. "पोर्तुगीजांनी १५३०-३१ च्या सुमारास येऊन गाव जाळलं, तरी लोकांनी काम सोडलं नाही. आपल्याला एक हीटर होऊ नये?"

हीटर झाला. बंद होईना.

आता नॉब निळ्याकडे फिरवा नाहीतर लालकडे, एसी लावा नाहीतर न लावा, पायाशी गरम झोत चालूच. इतकी वर्षं पाणीच कोमट होतं म्हणून झडप उघडी अडकली आहे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ऐन मे महिन्यात तात्या गाडीतून उतरतात तेव्हा पोहून आल्यासारखे दिसतात, आणि चेहऱ्यावर कमालीचं सुख असतं. केबल बदलणं एका सकाळचं काम आहे, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळतं. पण केबल बदलली की वहीत लिहायला काय राहील? विषय काढला की ते सांगतात, की पावसाळ्यात काचेवरचं धुकं घालवायला गरम हवा आणि एसी दोन्ही एकदम लागतात, एसी हवा कोरडी करतो आणि हीटर काच गरम करतो, म्हणून जुलैपर्यंत असूच दे. जुलैत विचारलं की दिवाळीचं नाव काढतात.

यावरून कुणी त्यांना वेळकाढू समजेल. मीही समजत असे, पण ब्रेकच्या बाबतीत हे लागू नाही. हीटर हा बोलण्याचा विषय आहे, ब्रेकवर तात्या बोलतात ते ब्रेक ठीक असतानाच.

शेजारचा एक मुलगा बायकापोरांसह त्र्यंबकेश्वरला निघाला होता. मनोरवरून जव्हार, मोखाडा. गाडी अशीच जुनी, टपावर सामान बांधलेलं, आजी पुढच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन तयार. तात्या निरोप द्यायला आले आणि सवयीने मागच्या चाकाशी वाकले. टायरच्या आतल्या बाजूला ओलसर काळी रेघ उतरली होती. त्यांनी बोट लावलं, चिमटीत चोळलं. मग सरळ उठून ड्रायव्हरच्या खिडकीतून हात घातला, किल्ली काढली, सदऱ्याच्या खिशात टाकली आणि चालायला लागले. ना लक्षण विचारलं, ना आधीच्या मालकाला शिवी दिली. मुलगा मागे धावला, "तात्या, अहो तात्या, मुहूर्ताची पूजा आहे!" तात्या वळलेसुद्धा नाहीत. आजी जे बोलल्या ते इथे लिहिता येणार नाही.

दुपारी ड्रम उघडला. व्हील सिलिंडर गळून लायनर ब्रेक ऑइलमध्ये भिजला होता. सपाट रस्त्यावर गाडी कशीबशी थांबलीही असती, जव्हारच्या वळणांवर माणसांनी भरलेली गाडी थांबवणं वेगळं. सिलिंडर आणि दोन्ही बाजूंचे लायनर बदलून ती मंडळी दुसऱ्या दिवशी निघाली. निघताना तात्यांनी एवढंच सांगितलं, "ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर. ब्रेकवर पाय ठेवून उतरू नकोस." आजींनी परत येताना त्यांच्यासाठी अंगारा आणला आणि शिवाय गाडीसाठी वेगळी पुडी. त्या पुडीची नोंद तात्यांच्या वहीत आहे.

परवा गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी संपल्यावर मिळालेल्या पाच वर्षांचा विषय निघाला. फेरनोंदणीची फी ६०० वरून ५,००० झाली तेव्हा लोक गाड्या भंगारात काढायला लागले. तात्यांना कुणी सुचवलं, की आता नवी घ्या, परवडते तुम्हाला. तात्यांनी नव्या गाडीत बसून पाहिलं. बॉनेट उघडलं तर वर प्लास्टिकचं झाकण, दरवाजे आवाज न करता लागणारे, पडद्यावर सगळं हिरवं. ते खाली उतरले, दार हळूच लावलं आणि म्हणाले, "चांगली आहे. पण ही काही सांगत नाही."

तर कुणाला जुनी गाडी घ्यायची असेल, किंवा घेऊन पस्तावा होत असेल, त्यांनी रविवारी सकाळी नऊनंतर आगाशीला यावं. तळ्याजवळ कुणालाही विचारा, घर दाखवतील. पैसे लागत नाहीत, सुकेळी मिळतात, आणि ब्रेकबद्दल तात्या जे सांगतील ते निमूट ऐकावं. हीटरबद्दल विचारू नये, दिवस जातो. ब्रेक दाबायला माणूस मात्र आपापला आणावा. आळीतली माणसं आता दमली आहेत.